घोडी सारखी उलटतेय, पिशवीचा तुकडा तपासायचा का?

दर वेळी या सदरात गाई, म्हशी, शेळ्या आणि मधनं एखादं कुत्रं असतं, पण यावेळी घोडीवाल्यांनी पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा एवढा मारा केला की म्हटलं अख्खं पान त्यांनाच देऊन टाकू. सिन्नरपासून येवल्यापर्यंत सगळ्यांचं दुखणं फिरून फिरून एकच, घोडी माजावर येते, वळू दाखवतो, पण राहत नाही, उलटते, नाहीतर राहिलेलं महिना दीड महिन्यात गळून जातं. खाली प्रश्न थोडे कापून दिलेत, रागवू नका, एका भाऊंचं पत्र तर घोडीच्या पणजीपासून सुरू झालं होतं.

प्रश्न : डॉक्टर साहेब राम राम. आमची काठेवाडी घोडी १५ वर्षांची आहे. आधी तीन शिंगरं झाली, शेवटचं चार वर्षांपूर्वी. गेल्या दोन सीझनमध्ये सात वेळा लावली, सातही वेळा उलटली. दर वेळी गर्भपिशवी धुऊन औषध सोडलं, खर्च किती झाला ते विचारू नका. आता एक डॉक्टर म्हणतात पिशवीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. घरात सगळे घाबरलेत, तुकडा काढला तर आतून जखम होऊन होतं नव्हतं तेही जाईल का? आणि त्या रिपोर्टमधनं नक्की कळतं काय?
(वाचक, सिन्नर)

राम राम भाऊ. घाबरू नका, उलट मी तर म्हणेन की हे काम तिसऱ्यांदा उलटली तेव्हाच करायला हवं होतं, सात वेळा थांबायची गरज नव्हती.

आधी तुकड्याची भीती काढू. घोडीला खोड्यात उभी करायची, शेपटी गुंडाळून बाजूला बांधायची, अंग, म्हणजे योनीचा बाहेरचा भाग, तीन वेळा स्वच्छ धुवायचं. त्याच्याही आधी सोनोग्राफी करून घोडी खरंच खाली आहे ना हे बघायचं, कारण गाभण घोडीच्या पिशवीचं तोंड उघडून चिमटा आत घातला तर ती गाभडणार, आणि "खाली आहे हो, मला माहितीये" असं मालक छातीठोक सांगतो त्याच घोडीत गर्भ दिसलेला मी बघितलाय. मग हातभर लांबीचा एक चिमटा असतो, पुढचं तोंड सुसरीच्या जबड्यासारखं, ते बंद ठेवून पिशवीच्या तोंडातनं आत न्यायचं. त्यानंतर डॉक्टर तोच हात काढून गुदमार्गातून घालतात आणि वरून बोटानं पिशवीची आतली घडी जबड्यात हलकेच ढकलतात, कट्, झालं. निघतो किती तर साधारण दीड सेंटिमीटर लांबीचा, गुलाबी, मऊ, शेंगदाण्याएवढा ऐवज. पिशवीच्या आतल्या अस्तराला चिमटा बसला तरी फारसं दुखत नाही, ओढताना घोडी जरा अंग आकसते, बस. थोडं रक्त येतं, काही दिवसात भरून निघतं. गुदमार्गातल्या हाताचा धोका मात्र खरा आहे, घोडी उसळली तर आतडं फाटू शकतं, म्हणून खोडा नसेल तिथे हे काम करू देऊ नका आणि सवय असलेल्याच हातानं करून घ्या.

आता त्या शेंगदाण्यात बघतात काय. पिशवीच्या अस्तरात हजारो बारीक ग्रंथी असतात आणि त्या एक पातळ पोषक रस सोडतात, आम्ही त्याला पिशवीचं दूध म्हणतो. घोडीचा गर्भ या बाबतीत फार परावलंबी, तो पिशवीला चिकटायला खूप उशीर करतो, पहिले १६ दिवस तर आत नुसता फिरत असतो, पक्की नाळ धरायला सुरुवात होते ती ४० दिवसांच्या आसपास, तोवर त्याची सगळी भिस्त या रसावर. आणि नाळ धरली तरी ती माणसासारखी एका जागी घट्ट रुतत नाही, पिशवीभर पातळ पसरते, त्यामुळे पुढेही अस्तराची तब्येत महत्त्वाचीच.

वय झालं, बाळंतपणं झाली, वर्षानुवर्षं सूज येत-जात राहिली, पिशवीच्या रक्तवाहिन्या जाड झाल्या, की या ग्रंथींभोवती चिवट तंतूंचे थर बसायला लागतात. यालाच रिपोर्टमध्ये फायब्रोसिस लिहितात. मायक्रोस्कोपखाली बघाल तर हुबेहूब लासलगावचा कांदा आडवा कापल्यासारखं दिसतं, मधे ग्रंथीचं भोक आणि भोवती एकावर एक पापुद्रे. एखाद-दोन पापुद्रे असतील तर ग्रंथी कशीबशी काम करते, दहाच्या वर गेले की आत आवळली जाते, फुगते, नाहीतर तशीच मरून पडते. द्राक्षवाल्यांना पटकन कळेल, ड्रिपरमध्ये क्षार बसले की वरून मोटर कितीही चालवा, वेलाच्या बुडाशी पाणी पडत नाही, तसंच हे, बाहेरून कितीही चंदी आणि टॉनिक चारा, आत गर्भापाशी रस पोचत नाही. सोनोग्राफीत हे थर दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, रक्तात येत नाहीत. म्हणून तुकडा.

रॉबर्ट केनी नावाच्या अमेरिकन पशुवैद्यांनी १९७८ मध्ये या तुकड्यांची प्रतवारी मांडली, आणि १९८६ मध्ये डॉइग यांच्यासोबत ती सुधारली, जगभर आजही तीच वापरतात. चार पायऱ्या आहेत. पहिली ग्रेड वन, म्हणजे अस्तर जवळपास निरोगी, चांगली व्यवस्था असेल तर १०० पैकी ८० ते ९० घोड्या शिंगरू पूर्ण दिवस वागवतात. टू ए मध्ये ५० ते ८०. टू बी मध्ये १० ते ५०. आणि ग्रेड थ्री मध्ये १० सुद्धा नाही. मोजतात कसं, तर काचेवरच्या साडेपाच मिलिमीटरच्या पट्ट्यात थरांनी वेढलेले ग्रंथींचे असे किती पुंजके दिसतात ते बघतात, सरासरी दोनपेक्षा कमी असतील तर टू ए, दोन ते चार असतील तर टू बी, पाच किंवा जास्त असले की थ्री. सूज किती, लसिका (पेशींमधला पातळ द्रव) साचलीये का, तेही बघतात. आणि यात एक मेख आहे जी तुमच्या घोडीला लागू होते, घोडी दोन किंवा जास्त वर्षं रिकामी असेल तर टू ए ची ग्रेड एक पायरी खाली ढकलतात. म्हणून तुकड्यासोबत वय, वेत, शेवटचं वेत कधी, किती वेळा लावली, माजाचा कितवा दिवस, हे सगळं खरं खरं लिहून द्या. मालक लोक वय तीन वर्षांनी कमी सांगतात, घोडी विकताना ठीक आहे हो, इथे कशाला.

आणि ही टक्केवारी म्हणजे शिक्का नव्हे. टू बी वाली घोडी शिंगरू देते, मी पाहिलीये, ग्रेड वन वाली राहत नाही तेही पाहिलंय, कारण तिचा प्रश्न पिशवीत नव्हताच, वळूच्या वीर्यात होता. तुमच्या सात वेळांमध्ये वळू एकच होता का? असेल तर तुकड्याच्या आधी त्याचं वीर्य तपासा. या वळूपासून दुसऱ्या कोणाच्या घोड्या राहिल्यात का, एवढं विचारायलाही काही पैसे पडत नाहीत.

आता जरा कडू बोलतो. दर वेळी औषध सोडलं म्हणता, कुठलं? गाईला चालतं म्हणून घोडीच्या पिशवीत वाट्टेल ते ओतायची आपल्याकडे पद्धत पडलीये. एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं स्नायूत द्यायचं इंजेक्शन पिशवीत सोडतात, ते द्रावण इतकं अल्कधर्मी असतं की घोडीचं अस्तर सोलून काढतं, रक्त येतं, व्रण होतात आणि व्रण भरताना पुन्हा तेच तंतूंचे थर. कडक आयोडीनचं तेच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः एका टांग्याच्या घोडीत पोव्हिडोन आयोडीन नीट पातळ न करता सोडलं होतं, पुढच्या माजाला हात घातला तर पिशवीच्या भिंती आत एकमेकींना चिकटलेल्या. मालक गरीब माणूस, मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. तर सांगायचं हे की जंतू आहेत का हे न बघता औषध सोडणं बंद करा. माजाच्या सुरुवातीला आतून स्वॅब घ्यायचा, पांढऱ्या पेशी आहेत का आणि जंतू कुठला हे बघायचं, स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय हे दोघे नेहमीचे पाहुणे, कधी कधी बुरशीही निघते, आणि ती बहुतेकदा आधीच्या अँटिबायोटिकच्या माऱ्यानंतरच. स्वॅब आधी, तुकडा नंतर, एकाच बैठकीत दोन्ही होतं.

थंडीत मात्र तुकडा काढू नका. दिवस लहान झाले की बऱ्याच घोड्यांचा माज थंडावतो (निफाडचा पारा उतरतो म्हणून नव्हे, उजेड कमी होतो म्हणून) आणि ग्रंथी आपोआप आक्रसतात, मग रिपोर्ट वाचणाऱ्याची फसगत होते. फेब्रुवारी-मार्च नंतर, माज नियमित सुरू झाल्यावर.

प्रश्न : सर, वरच्यासारखीच केस आहे पण आमचा रिपोर्ट आलाय. घोडी मारवाडी, १३ वर्षं, "टू बी, मध्यम ते जास्त पेरिग्लँड्युलर फायब्रोसिस, हलकी सूज" असं लिहिलंय. हे थर जातील असं काही औषध आहे का? यूट्यूबवर एकानं स्टेम सेल सांगितलं, दुसरा म्हणतो रॉकेल सोडा. घोडी विकायची नाही, घरची आहे, वडिलांची आठवण आहे.
(वाचक, पिंपळगाव बसवंत)

"पेरिग्लँड्युलर" म्हणजे ग्रंथींभोवतीचं, वर कांद्याचं सांगितलं तेच.

सरळ सांगतो दादा, बसलेले थर काढणारं खात्रीचं औषध आज नाही. खरवडून बघितलं लोकांनी, डीएमएसओ नावाचं रसायन सोडून बघितलं, रॉकेल परदेशातसुद्धा वापरून झालंय, तुम्ही हसाल, पण कल्पना अशी की जुनं अस्तर जाळलं की नवीन येईल. भरवसा ठेवावा असं यातलं काहीच निघालं नाही. स्टेम सेलचे प्रयोग चालू आहेत, प्रयोगच म्हणा. आणि घरी रॉकेल अजिबात नको.

पण तुमच्या रिपोर्टमध्ये "हलकी सूज" हे दोन शब्द आहेत ना, तिथे हात घालता येतो. थर जाणार नाहीत, सूज जाते, आणि सूज गेली की आहे त्या ग्रंथी जरा बऱ्या चालतात.

घोड्याचं वीर्य थेट पिशवीत पडतं, म्हणून घोडी लावल्यावर पिशवीला सूज येणारच, ती निसर्गाची साफसफाई आहे, मेलेले शुक्रजंतू, धूळ, जंतू सगळं बाहेर टाकायचं असतं. तरुण घोडी दीड-दोन दिवसांत साफ करून मोकळी. वय झालेल्या घोडीची पिशवी पोटात खाली लोंबते, आकुंचन कमी पडतं, पाणी आत साचून राहतं. गर्भ नळीतनं पिशवीत उतरतो साधारण सहाव्या दिवशी, तोवर आत डबकं असेल तर त्याचं काय होणार सांगा.

म्हणून या घोडीला एका माजात पाच-सहा वेळा वळू दाखवायचा नाही. सोनोग्राफीवर बीज केव्हा सुटणार याचा अंदाज घ्यायचा आणि शक्यतो एकदाच, फार तर दोनदा लावायची. लावल्यानंतर चार तास काही करू नका, तेवढ्यात कामाचे शुक्रजंतू नळीत पोचलेले असतात. चार ते सहा तासांनी डॉक्टरांना बोलवा, सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी दिसलं तर अंगाच्या तापमानाएवढं कोमट केलेलं निर्जंतुक सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट एकेक लिटर सोडून परत काढायचं, निघालेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत. ते पाणी बादलीत नको, पारदर्शक बाटलीत धरा, उजेडात बघा, पहिलं ताकासारखं गढूळ येतं, तिसरं-चौथं नळाच्या पाण्यासारखं, तेव्हा थांबायचं. मग पिशवी आकुंचन पावावी म्हणून ऑक्सिटोसिन, १० ते २० युनिट, दर चार-सहा तासांनी, एक-दोन दिवस, डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि एक फुकटचं औषध, घोडी चालवा. आपल्याकडे लावून आणली की दावणीला बांधून ठेवतात, "हलू देऊ नका, बाहेर येईल" म्हणून, उलटंच आहे सगळं, मळ्यात अर्धा तास चालवली की पाणी आपसूक उतरतं.

शेपटी उचलून मागून पण बघा एकदा. अंगाचे ओठ सरळ उभे आणि मिटलेले हवेत. गुदद्वार आत ओढलं गेलं असेल आणि अंग वरून आडवं पडलं असेल तर शेण थेट त्यावर उतरतं, आणि ओठ हलके फाकवले की फस्स करून हवा आत जाते, शांत ठिकाणी कान दिलात तर स्पष्ट ऐकू येतं. अशा घोडीला वरचा भाग टाके घालून बंद करतात, कॅसलिक नावाच्या डॉक्टरांनी १९३७ मध्ये ही पद्धत सांगितली म्हणून कॅसलिकचे टाके म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आणि फरक पुष्कळ. फक्त विण्याच्या आधी ते उघडायला विसरू नका, नाहीतर घोडी फाटते.

दोन माज असे मन लावून करून बघा. नाहीच राहिली तर रक्त पुढे नेण्याचा दुसरा रस्ता आहे, एम्ब्रियो ट्रान्सफर. गर्भ सात-आठ दिवसांचा असताना सलाईननं बाहेर काढून दुसऱ्या तरुण घोडीच्या पिशवीत ठेवायचा, तुमच्या घोडीच्या ग्रंथी खराब असल्या तरी तिला तो आठवडाभरच सांभाळायचा असतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या बिकानेरच्या आवारात २०२३ मध्ये या पद्धतीनं मारवाडी शिंगरू झालं, राज-प्रथमा नाव ठेवलंय त्याचं. नाशिकमध्ये उद्या सकाळी होईल असं हे काम नाही, खर्चाचंही आहे आणि वय झालेल्या घोडीकडून गर्भ कमी मिळतात, पण वडिलांची आठवण म्हणताय म्हणून सांगितलं, चौकशी करायला हरकत नाही.

प्रश्न : नमस्कार. गंगापूर रोडच्या बाजूला आमच्याकडे मुलांना घोडेस्वारी शिकवतो. एका घोडीची १६ व्या दिवशी सोनोग्राफी केली, गाभण सांगितलं, आम्ही पेढे वाटले. नंतर तपासलं नाही. आता ७० दिवस झाले, परवा सोनोग्राफी केली तर पिशवी रिकामी. कधी गेलं कळलंच नाही, काही पडलेलं दिसलं नाही. गंमत म्हणजे ती माजावरही येत नाहीये, आणि रक्ताची तपासणी केली तर त्यात गाभण आलंय! कोण खोटं बोलतंय?
(वाचक भगिनी, नाशिक)

ताई, कोणीच खोटं बोलत नाहीये, आणि तुमचा प्रश्न या पानावरचा सगळ्यात इंटरेस्टिंग आहे.

साधारण ३५ ते ३७ व्या दिवशी गर्भाच्या काही पेशी पिशवीच्या अस्तरात घुसतात आणि तिथे वाटीसारखे छोटे उंचवटे करतात. या वाट्या एक हॉर्मोन सोडतात, पूर्वी त्याला पीएमएसजी म्हणायचे, आता ईसीजी (हृदयाचा नव्हे). रक्ताच्या तपासणीत तेच दिसतं. आता मेख अशी की एकदा वाट्या तयार झाल्या आणि त्यानंतर गर्भ मेला, तरी वाट्या आपलं काम चालूच ठेवतात, साधारण १२० दिवसांपर्यंत. म्हणून रक्त म्हणतं गाभण, सोनोग्राफी म्हणते रिकामी, आणि घोडी नीट माजावर येत नाही. तुमचा सीझन गेला असं धरून चला, वाट्या जिरेपर्यंत वाट बघण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. पडलेलं दिसलं नाही कारण त्या वयाचा गर्भ बहुतेक आतच जिरतो, नाहीतर रात्री पडून पेंढ्यात हरवतो.

म्हणून पुढच्या वेळी १४ ते १६ दिवसांची तपासणी तर कराच, जुळं असेल तर ते तेव्हाच कळतं, पण २८-३० व्या दिवसाची तपासणी चुकवू नका. तेव्हा गर्भाच्या हृदयाचा ठोका दिसतो, आणि ठोका नसेल तर वाट्या बनायच्या आत घोडी परत माजावर आणता येते. मग ४५ ला एक, ६० ला एक.

अजून एक शंका मनात येते. पहिल्या वेळी दिसलं ते गर्भच होतं ना? वय झालेल्या घोडीच्या पिशवीत पाण्याच्या गाठी असतात, स्क्रीनवर काळा गोल, अगदी पंधरा दिवसांच्या गर्भासारखा. फरक एवढाच की गर्भ त्या दिवसांत रोज तीन-चार मिलिमीटर वाढतो आणि जागा बदलतो, गाठ तिथल्या तिथे बसून असते. पण तुमच्या रक्तात हॉर्मोन आलंय म्हणजे वाट्या झाल्या होत्या, म्हणजे गर्भ खरा होता आणि ३५ दिवसांच्या पुढे गेला होता. ४० ते ९० दिवसांमधलं हे गळणं फायब्रोसिसच्या घोडीत नेहमीचं, राहते पण टिकत नाही. तर वाट्या जिरल्यावर, लावायच्या आधी, तुकडा तपासून घ्या. ज्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली त्यांच्यावर राग नको.

प्रश्न : आमची पांढरी घोडी १४ वर्षांची, आयुष्यभर वरातीत नाचली, कधीच लावली नाही. पिशवी नवी कोरी आहे, तर राहायला अडचण नाही ना येणार? आता तीनदा लावली, राहिली नाही.
(वाचक, मालेगाव)

कोरी नाही हो, पडून राहिलेली आहे. न वापरलेली ट्रॅक्टरची बॅटरी बारा वर्षांनी नवी असते का? एकही वेत न झालेल्या वयस्क घोडीच्या ग्रंथींभोवतीही थर बसतात, नुसत्या वयानं बसतात. आणि अशा घोडीचा खास त्रास म्हणजे पिशवीचं तोंड माजातही पुरतं उघडत नाही, मग लावल्यानंतरचं पाणी आतच अडकतं. तिला सोनोग्राफी, पाणी काढणं आणि ऑक्सिटोसिन पहिल्याच माजापासून लागतं, चौथ्या माजाची वाट बघू नका. तुकडा जरूर तपासा. आणि लग्नसराईत रोज रात्री डीजेसमोर उभी असेल, कधी चंदी कधी उपास, तर आधी दोन महिने तिला सुट्टी द्या, अंगावर मांस येऊ द्या, फासळ्या दिसणाऱ्या घोडीचं बीजच नीट सुटत नाही.

प्रश्न : येवल्याच्या बाजारात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत पैदाशीसाठी घोडी घ्यायचीये. विकणारा सांगतो "खाली आहे, एका माजात फळेल". काय बघू?
(वाचक, निफाड)

विकणाऱ्याचं तोंड सोडून बाकी सगळं बघा. दात बघून वय ठरवा. दहाच्या पुढची घोडी आणि "दोन वर्षं लावलीच नाही" असं उत्तर आलं की समजा लावली होती, राहिली नाही. मागचं शिंगरू कुठे आहे, कोणाकडे आहे, फोन लावून द्या म्हणा. शेपटीखाली वाळलेला चिकट पू, मांडीच्या आतल्या बाजूला केस चिकटलेले, हे धुतलेल्या घोडीतही दिसतं, वाकून बघा. सारंगखेडा भरतो दत्तजयंतीला, म्हणजे भर थंडीत, तेव्हा माजही नसतो आणि तुकडाही नीट वाचता येत नाही, तर लाखांचा व्यवहार असेल तर थोडा विसार देऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये सोनोग्राफी आणि तुकडा चांगला आला तरच बाकीचे, असं कागदावर लिहून घ्या. विकणारा चिडला तर चिडू दे. ग्लँडर्सची तपासणी झालेली आहे ना हेही विचारा, ती पिशवीची गोष्ट नाही पण माणसालाही होणारा रोग आहे.

प्रश्न : मी खाजगी प्रॅक्टिस करतो, गाई जास्त, घोड्या कमी. तुकडा काढायला जमेल, पण पाठवायचा कशात आणि कुठे? मागे एकदा पाठवला तर "नमुना वाचण्यायोग्य नाही" असं उत्तर आलं.
(एक तरुण पशुवैद्य, दिंडोरी तालुका)

बहुतेक तुम्ही चिमट्यातून तुकडा बोटानं ओरबाडून काढला असणार, त्यात अस्तर चुरगळतं. बारीक सुईनं अलगद सोडवा आणि लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये टाका, तुकड्याच्या दहापट तरी द्रावण हवं. काही लॅब बुइन्स द्रावण मागतात, त्यात ग्रंथी जास्त रेखीव दिसतात, पण त्यात दिवसभरच ठेवून नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा लागतो. फ्रीजरमध्ये अजिबात नको, बर्फ झाला की संपला. सलाईनमध्येही नको. बाटली रुंद तोंडाची घ्या, फॉर्मेलिनमध्ये तुकडा कडक होतो आणि अरुंद तोंडातून परत निघत नाही, लॅबवाले शिव्या घालतात. हाताला पिशवीचा एखादा भाग वेगळा लागला तर तिथला दुसरा तुकडा घ्या, नाहीतर पिशवीच्या एका शिंगाच्या (फाट्याच्या) बुडाशी घेतलेला एक बहुतेक वेळा पुरतो.

परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागाला आधी फोन करा आणि घोडीच्या पिशवीची ग्रेड देणार का असं स्पष्ट विचारा, नुसतं "एंडोमेट्रायटिस (अस्तराची सूज) दिसते" असा एका ओळीचा रिपोर्ट मालकाच्या काही कामाचा नाही. बाटलीवर पेननं लिहू नका, फॉर्मेलिन सांडलं की शाई जाते, पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी बाहेरून चिकटवा. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा, दोन माजांच्या मधल्या दिवसांत तुकडा काढला तर घोडी ठरल्या तारखेच्या आधीच माजावर येऊ शकते, नाहीतर तो रात्री अकराला फोन करून विचारेल की डॉक्टर हे काय झालं. माझ्याकडे आलेत असे फोन.